आशिकागाची दुसरी शाळा

५ नोव्हेंबर १५४९ रोजी जपानमधल्या कागोशिमा गावातून एक लांबलचक पत्र गोव्याला निघाले. लिहिणारा फ्रान्सिस झेवियर, आणि पत्र ज्यांच्यासाठी होते ते त्याचे सोबती जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात राहणारे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झेवियरने गोवा सोडला होता आणि १५ ऑगस्टला तो कागोशिमाला उतरला होता. बरोबर आंजिरो नावाचा एक जपानी माणूस होता. हा आंजिरो जुन्या गोव्यात राहून पोर्तुगीज शिकला, १५४८ साली इथेच त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि पावलो द सांता फे हे नाव घेऊन तो दुभाषी म्हणून परत मायदेशी गेला. झेवियरविषयी आपल्या गोव्यात दोन टोकांची मते आहेत आणि दोन्हींना कारणे आहेत. तो वाद आज उकरून काढायचा नाही. मला सांगायचे आहे ते त्या पत्रातल्या एका गावाविषयी.

जपानात कुठे कुठे विद्यापीठे आहेत याची माहिती झेवियरने या पत्रात दिली आहे. मियाको, म्हणजे आजचे क्योतो, इथल्या आणि आसपासच्या विद्यापीठांविषयी लिहून झाल्यावर तो सांगतो, की याहून दूर बांदू नावाच्या मुलखात एक विद्यापीठ आहे, ते सगळ्या जपानात मोठे आणि सर्वांत जास्त विद्यार्थी तिथे जातात. तो स्वतः तिथवर कधी पोचला नाही, ऐकीव माहितीच त्याने गोव्याला कळवली. बांदू म्हणजे बांदो, कांतो प्रदेशाचे जुने नाव. आणि ते विद्यापीठ म्हणजे आशिकागा गाक्को, आशिकागाची शाळा.

तोक्योच्या उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर आशिकागा हे शहर आजही आहे. पंधराव्या शतकात उएसुगी नोरिझाने या सरदाराने ही शाळा नव्याने उभी केली. कन्फ्यूशियसचे ग्रंथ, भविष्यकथन, वैद्यक, युद्धशास्त्र असे विषय तिथे शिकवले जात. देशभरातले बुद्धिमान तरुण तिथे चालत येत. १८७२ साली ती बंद पडली, पुढे १९९० साली तिच्या जुन्या इमारती मूळ रूपात पुन्हा बांधण्यात आल्या. जपानी लोक मोठ्या अभिमानाने ती पाहायला जातात.

झेवियरच्या पत्रावरून या आशिकागाची माहिती मी शोधत होतो. शोधता शोधता त्याच शहराच्या कडेला, डोंगरावर, दुसरी एक शाळा आहे असे वाचण्यात आले. ही शाळा ज्यांना पहिल्या शाळेच्या पायरीवरही कोणी उभे केले नसते अशांसाठी काढलेली. तिचे नाव कोकोरोमी गाकुएन. 'कोकोरोमी' म्हणजे प्रयत्न, करून पाहणे. ही गोष्ट वाचल्यापासून मला आमच्या वाड्यावरचा एक माणूस सारखा आठवतो आहे. म्हणून हा लेख.

*

आधी त्या माणसाविषयी. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावर सगळे त्याला 'पिसो' म्हणत. तो पिसा नव्हता. कुणाच्या अंगावर जात नसे, बडबडत नसे. वयाने तीस-पस्तिशीचा, पण पैसे मोजता येत नसत, वार सांगता येत नसत, बोलणे दोन-तीन शब्दांच्या पलीकडे जात नसे. आज आपण त्याला बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग म्हणू. तेव्हा वेडा आणि बुद्धीने मंद यांत फरक करायची कुणाला गरज वाटत नसे.

आमच्या कुळागरात माडा-माडीला पाणी सोडण्याचे काम तो करायचा. पाटाचे पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवायचे, मातीचा बांध फोडायचा, भरला की पुन्हा घालायचा. एकही आळे तो कधी विसरला नाही. पगारी गडी चुकत, तो चुकत नसे. काजूच्या दिवसांत बोंडे तुडवायलाही त्यालाच बोलावत, कारण तो कंटाळत नसे. बदल्यात सकाळी पेज, दुपारी जेवण, चवथीला एक नवा पंचा. पैसे त्याला कुणी दिले नाहीत, आमच्या घरानेही नाहीत. त्याला पैसे काय कळतात, असे सगळे म्हणत, आणि ते खरेच होते. म्हणून कुणाला त्यात काही चुकते आहे असे वाटले नाही.

त्याची आवय म्हातारी होती. ती आमच्या पडवीत बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणायची, "हांव गेल्या उपरांत हाका कोण पळयतलो?" त्यावर घरातली बायकामाणसे 'देव आहे' म्हणत आणि विषय बदलत. ती गेल्यावर वर्षभरात तो वाड्यावरून दिसेनासा झाला. कुठल्यातरी आश्रमात ठेवला असे कानावर आले. कुळागराला दुसरा गडी लागला.

*

आता आशिकागाला जाऊ. कावादा नोबोरू हे तिथल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षक होते. जन्म १९२०चा. दुसरे महायुद्ध संपल्यावर जपानी शाळांत मंदबुद्धी मुलांसाठी वेगळे वर्ग निघू लागले, तशा एका वर्गाचे ते मास्तर. वर्गात येणारी मुले पंधरा वर्षांची होत आणि शाळा संपे. पुढे काय, याला उत्तर नव्हते. प्रौढ मतिमंदांसाठी जपानात पहिला कायदा झाला तो १९६० साली. त्याआधी शाळा सुटली की घर, आणि आई-बाप असेतोवरच घर.

कावादांच्या नजरेला एक गोष्ट आली ती मुलांच्या हातांची. मुलांचे तळवे मऊ होते. घरच्यांनी दया म्हणून, लाज म्हणून, काळजी म्हणून त्यांना कशाला हातच लावू दिला नव्हता. पडेल, लागेल, सांडेल, लोक हसतील. ज्याला काहीच करू दिले नाही त्याला काहीच येत नाही, आणि काही येत नाही म्हणून काही करू द्यायचे नाही, असे ते चक्र. शेतकऱ्याच्या तळव्याला घट्टे असतात, या मुलांच्या तळव्यांना ते पडले पाहिजेत, असे या मास्तरांनी ठरवले.

जमीन पाहिजे होती आणि पैसा नव्हता. परवडला तो एक डोंगर, तोही सरासरी ३८ अंश चढाचा. आपल्याकडे ज्यांनी काजूची लागवड केली आहे त्यांना ३८ अंश म्हणजे काय ते सांगायला नको. उभे राहायलाच दोन्ही पायांनी जमीन धरावी लागते. कुठल्याही शेतकऱ्याने ती जमीन फुकट दिली तरी घेतली नसती. १९५८ साली कावादांनी आपल्या वर्गातल्या मुलांना घेऊन हा डोंगर साफ करायला घेतला. झाडे तोडली, बुंधे उपटले आणि सहाशेच्या आसपास द्राक्षवेली लावल्या.

द्राक्षेच का? द्राक्षाच्या मळ्यात वर्षभर काम असते म्हणून. हिवाळ्यात छाटणी, छाटलेल्या काटक्या वेचून खाली आणणे. मग फुटवे काढणे, वेली बांधणे. जपानातल्या पावसाने घड कुजू नयेत म्हणून एकेका घडावर कागदाची टोपी बसवणे. मग पाखरे राखणे, तोडणी, खराब मणी वेचून काढणे. यांतले प्रत्येक काम साधे, पण हजार वेळा करायचे. कुणी छाटणी करू शकत नसेल तर काटक्या वेचेल. तेही जमत नसेल तर कावळे हाकेल. डोंगरमाथ्यावर उभे राहून सकाळपासून संध्याकाळपर्यंत डबा वाजवत कावळे हाकणे हे तिथले रीतसर काम आहे आणि ते वर्षानुवर्षे करणारे लोक तिथे होऊन गेले. शहाण्यासुरत्या माणसाला तासाभरात कंटाळा येईल. पण त्या माणसाने डबा वाजवायचे थांबवले तर पीक जाते, हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि त्यालाही.

डोंगराच्या चढाचा त्रास होता तसा फायदाही झाला. पाणी साचून राहत नाही, ऊन चांगले मिळते, वेलीला असाच उतार मानवतो. ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून माणसाच्या हातांची गरज कधी संपत नाही. तणनाशक मारायचे नाही असा सुरुवातीपासूनचा नेम, म्हणून तण हातानेच काढायचे. दिवसभर चढउतार करून मुले दमू लागली, भुकेने जेवू लागली, रात्री गाढ झोपू लागली. तोल सावरायला शिकली. पडली तीही उठून पुन्हा चढली. अळिंब्या पिकवण्यासाठी लाकडाचे ओंडके खांद्यावरून वाहून नेण्याचे कामही पुढे सुरू झाले. औषधाने होत नव्हते ते डोंगराने केले, असे म्हणायला हरकत नाही.

१९६९ साली या उद्योगाला कोकोरोमी गाकुएन या नावाने प्रौढांची निवासी संस्था म्हणून मान्यता मिळाली. तीस जणांची सोय होती, शिकवणारे-सांभाळणारे नऊ. राहण्याच्या इमारती त्यांनी बऱ्याचशा आपल्याच हातांनी उभ्या केल्या. पुढे ही संख्या शंभरावर गेली.

*

इथे थोडे थांबून त्या काळचा जपान काय होता ते सांगितले पाहिजे, नाहीतर कावादा मास्तरांनी केले ते नुसते गोड वाटेल.

१९४८ साली जपानने एक कायदा केला. 'निकृष्ट' संतती जन्माला येऊ नये हा त्याचा हेतू कायद्यातच लिहिलेला होता. या कायद्याखाली सुमारे २५,००० लोकांची नसबंदी झाली, त्यांतल्या सुमारे १६,५०० जणांची संमती न घेता. बौद्धिक अपंगत्व असलेले कितीतरी तरुण मुलगे आणि मुली त्यांत होत्या. ज्या वर्षी कावादांची मुले डोंगरावर वेली लावत होती त्या वर्षी हा कायदा जोरात चालू होता. तो रद्द झाला १९९६ साली. २०१९ मध्ये सरकारने माफी मागून ३२ लाख येनची भरपाई देऊ केली. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मुळातच घटनाबाह्य होता असा निकाल दिला ३ जुलै २०२४ रोजी, आणि त्यानंतर भरपाई दीड कोटी येन झाली. तोवर अनेक जण म्हातारे होऊन मरून गेले होते.

शाळेचेही तसेच. तीव्र अपंगत्वाच्या मुलाला शाळेतून 'सूट' देण्याची सोय जपानी कायद्यात होती. सूट हा शब्द किती सभ्य! म्हणजे शाळेत घेणार नाही. ती सोय व्यवहारात संपली १९७९ साली.

एका बाजूला सरकार म्हणत होते, अशी माणसे जन्माला येऊ नयेत. दुसऱ्या बाजूला एक मास्तर म्हणत होता, जन्मलेल्यांच्या तळव्यांना घट्टे पडू द्या. दोन्ही एकाच देशात, एकाच काळात. दया दोघांनाही नव्हती, असे मला गमतीने म्हणावेसे वाटते. पण कावादांच्या त्या निर्दयपणात माणसाविषयी विश्वास होता.

*

द्राक्षे पिकली तरी पोट भरत नव्हते. ताजी द्राक्षे ठरावीक दिवसांत विकली गेली नाहीत तर वाया. मग वाइन करायचे ठरले. पण समाजकल्याणाच्या संस्थेला मद्य बनवण्याचा परवाना मिळणे शक्य नव्हते. तेव्हा मुलांच्या पालकांनी पैसे घालून १९८० साली एक वेगळी कंपनी काढली. तिचे नाव कोको फार्म अँड वायनरी. १९८४ साली परवाना मिळाला, पहिली वाइन झाली, आणि त्याच वर्षी सुगीचा उत्सव सुरू झाला. तेव्हापासून नोव्हेंबरमध्ये हजारो लोक त्या डोंगरावर बसून वाइन पितात.

इथे गोव्याचा धागा पुन्हा एकदा लागतो. १५५१ साली यामागुचीचा सरदार ओउची योशिताका याला झेवियरने जे नजराणे दिले त्यांत घड्याळ, चष्मे यांबरोबर पोर्तुगीज वाइनही होती असे सांगतात. पोर्तुगीजांच्या 'व्हिन्यु तिंतु'चा, म्हणजे तांबड्या वाइनचा, जपान्यांनी उच्चार केला 'चिंता'. जुन्या जपानीत तांबड्या वाइनला 'चिंता-शु' असा शब्द आहे. मराठी माणसाला हसू येईल. पण या वायनरीच्या बाबतीत तो शब्द मला अगदी योग्य वाटतो. ती उभी राहिली तीच आई-बापांच्या चिंतेतून.

वाइन झाली. आता कोण घेणार? इथे खरा प्रश्न येतो, आणि कावादांनी त्याचे जे उत्तर दिले त्यासाठीच ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. बाटलीवर 'मतिमंद मुलांनी बनवलेली' असे छापून ती विकता आली असती. लोकांनी घेतलीही असती, एकदा. दुसऱ्या वर्षी कुणी घेतली नसती. दयेपोटी माणूस एक बाटली घेतो, चवीपोटी दरवर्षी घेतो. आणि यांना तर दरवर्षी जगायचे होते. तेव्हा वाइन चांगलीच झाली पाहिजे, बाटलीवर दयेचे काही लिहायचे नाही, असे ठरले.

१९८९ साली ब्रूस गटलव्ह नावाचा अमेरिकन वाइनतज्ज्ञ कॅलिफोर्नियाहून सल्ला द्यायला आला. थोड्या महिन्यांसाठी आला तो वर्षानुवर्षे राहिला. त्याने कुठल्या मातीत कुठली द्राक्षे ते पाहिले, जपानभरच्या शेतकऱ्यांकडून चांगली द्राक्षे मागवली, जंगली यीस्टवर वाइन आंबवायला घेतली. घाई न करता, मन लावून, हाताने करायची कामे वाइनमध्ये पुष्कळ असतात आणि ती कामे करणारी माणसे इथे तयारच होती. फसफसणाऱ्या वाइनच्या बाटल्या तोंड खाली करून ठेवतात आणि गाळ बुचाकडे यावा म्हणून रोज थोड्या थोड्या फिरवतात. यंत्राने करता येते. इथे हाताने करतात, एकही बाटली न चुकता. हे वाचले तेव्हा मला आमच्या कुळागरातली आळी आठवली.

जुलै २००० मध्ये ओकिनावाला आठ बड्या राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद भरली. क्लिंटन, पुतिन, ब्लेअर यांच्यासाठी जी मेजवानी झाली तिच्या सुरुवातीला पेले भरले गेले ते 'नोव्हो' या वाइनने. १९९६च्या हंगामातली, आशिकागाच्या डोंगरावरची. दया म्हणून निवडलेली नव्हे, चाखून निवडलेली. कावादा मास्तर तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. २०१० साली ते गेले.

वायनरी शाळेकडून द्राक्षे विकत घेते आणि बाटल्या-पेट्यांची कामे मोबदला देऊन करून घेते. म्हणजे काम यांचे आणि नफा दुसऱ्याचा असे नाही. हा व्यवहार कागदावर आहे, पेजेच्या वाडग्यात नाही.

*

या गोष्टीला दुसरी बाजू नाही असे नाही. डोंगरावरची ही वसाहत शेवटी गावापासून वेगळीच. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या समितीने जपानला बजावले, की लोकांना असे संस्थांत ठेवणे कमी करा, त्यांना गावात, चारचौघांत राहू द्या. त्यांचे म्हणणे खोटे नाही. २६ जुलै २०१६ रोजी सागामिहारा इथल्या अशाच एका निवासी संस्थेत शिरून तिथे पूर्वी नोकरीला असलेल्या एका तरुणाने १९ जणांना ठार मारले. अशी माणसे जगून काय उपयोग, असे त्याचे म्हणणे. १९४८च्या कायद्याची भाषा वीस वर्षांपूर्वी कागदावरून पुसली गेली होती, डोक्यांतून नव्हे. मेलेल्यांची नावे घरच्यांच्या इच्छेवरून पोलिसांनी तेव्हा जाहीर केली नाहीत. आपल्या घरात असे कुणी आहे हे लोकांना कळू नये असे त्यांतल्या काहींना वाटत होते. मेल्यावरसुद्धा!

त्यामुळे कावादांचा डोंगर म्हणजे शेवटचे उत्तर असे मी म्हणत नाही. नावच 'करून पाहणे' आहे. पण काय करून पाहिले आणि त्यातून काय दिसले ते आपल्याला उपयोगाचे आहे.

आपल्याकडचा इतिहास फार वेगळा नाही. १९१२च्या भारतीय कायद्यात 'वेडा' या एकाच व्याख्येत बुद्धीने मंद असलेलेही कोंबलेले होते. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांना त्यातून बाहेर काढले. मुंबईत १९४४ साली जय वकील आणि होरमसजी वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी म्हणून जी शाळा काढली ती देशातल्या जुन्या शाळांपैकी एक. म्हणजे तिथेही आई-बापच. सिकंदराबादला राष्ट्रीय संस्था आली १९८४ साली. १९९५च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना तीन टक्के जागा दिल्या, पण त्या अंध, बहिरे आणि हातापायांनी अधू यांच्यासाठी. बौद्धिक अपंगांचा त्यांत समावेशच नव्हता. २०१६च्या कायद्याने तो केला, तोही एका टक्क्यात स्वमग्नता, मानसिक आजार वगैरेंबरोबर वाटून. २०११च्या जनगणनेत देशात अशा व्यक्ती १५ लाखांवर नोंदल्या गेल्या. म्हणजे गोव्याच्या लोकसंख्येहून जास्त. 'आमच्यामागे याचे काय' या पालकांच्या प्रश्नावर संसदेने १९९९ साली नॅशनल ट्रस्टचा कायदा केला. आमच्या पडवीत बसून म्हातारी विचारायची तोच हा प्रश्न, दिल्लीला पोचायला एवढी वर्षे लागली.

गोव्यात आज चित्र बदलले आहे. पर्वरीला संजय सेंटर आहे, फोंड्याला लोकविश्वास प्रतिष्ठान आहे. जुन्या गोव्यात तर झेवियरच्याच नावाची विशेष मुलांची शाळा आहे, कारितास ही संस्था ती चालवते. २०२३च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट भरला तेव्हा अपंगत्व ही लपवायची गोष्ट नाही हे हजारो लोकांनी उघड्यावर पाहिले. शाळा झाल्या. आता कावादांसमोर होता तो प्रश्न आपल्यासमोर आहे. शाळा सुटल्यावर काय?

याचे एक उत्तर आपल्याला दिवाळीच्या सुमारास दिसते. पणत्या, उटणे, आकाशकंदील, कागदी पिशव्या. विशेष मुलांनी केलेल्या वस्तूंचे स्टॉल लागतात. आपण जातो, कौतुक करतो, पाकीट काढतो. मीही घेत आलो आहे. आमच्या माळ्यावर अशा रंगवलेल्या पणत्यांची एक पिशवी बरीच वर्षे पडून होती. मागे एकदा त्यांतल्या चार काढून तेल घातले तर दोन झिरपल्या. मातीची कच्ची भाजणी, वरून सुंदर रंग. मला त्या मुलांचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. पणती घेताना ती पणती म्हणून चालेल का हे मी एकदाही पाहिले नव्हते. घरी आणून मी ती पेटवलीही नव्हती. मी पणती घेतलीच नव्हती, स्वतःच्या चांगुलपणाची पावती घेतली होती.

आणि ती मुले? त्यांना झिरपणारी पणती करायला कुणी शिकवले? आपणच. 'छान, छान' म्हणून. मऊ तळव्यांची गोष्ट ती हीच.

म्हणून मी आता दोन गोष्टी करतो, तुम्हालाही सांगतो. अशा स्टॉलवर गेलो की वस्तू निरखून पाहतो. चांगली असेल तर घेतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. वाईट असेल तर, देणगी वेगळी देऊन, काय चुकले ते सांगतो. दुसरे, विचारतो की हे करणाऱ्याला यातले किती मिळते. हा प्रश्न विचारल्यावर कुणी रागावले नाही. एका बाईंनी तर वही काढून दाखवली. वहीत प्रत्येकाचे नाव, पुढे आकडा आणि आकड्यापुढे ज्याची त्याची खूण. कुणाची सही, कुणाचा अंगठा, कुणी एक सूर्य काढलेला.

ती वही पाहून घरी आलो आणि आत्याला फोन केला. ती आता नव्वदीला आली आहे. कुळागरात पाणी सोडायचा त्याचे नाव काय गे, असे विचारले. "पिसो?" ती म्हणाली. नव्हे, खरे नाव. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, विचारून सांगते. दोन दिवसांनी तिचा फोन आला. वाड्यावर आता ते आठवणारे कुणी उरलेले नाही.

आमच्या कुळागरातल्या कित्येक माड्या अजून त्याच्या काळच्याच आहेत. दरवर्षी सुपारी येते.